जंतूंच्या गळ्यांत आमचें लोढणें

गेल्या संकष्टीला लिंबागणेशास जाण्याचा योग आला. बीड तालुक्यांतील, बालाघाटच्या माळावरचें हें आमचें मूळ गांव. भालचंद्राचें ठाणें म्हणून त्याची ख्याति मोठी. पण ज्याचें बालपण तेथें गेलें त्याला देवळाइतकाच गांवाबाहेरचा ओढाहि आठवत असतो. दर्शन आटोपून शेताकडे निघालों, तों त्या ओढ्याच्या डोहाशीं आमची मंडळी थबकली. पावसाळा सरून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळें पाणी होतें. पण पाण्याहून अधिक दुसरेंच कांहीं होतें. दुधाच्या पिशव्या, तंबाखूच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, पंगतींतल्या थर्माकोलच्या वाट्या, आणि बाभळीच्या कांट्यांत अडकून वाऱ्यानें फुगलेली एक निळी पिशवी. मी कांहीं बोललों नाहीं. पण चेहऱ्यावर दिसलें असावें. माझा पुतण्या, जो पुण्यास एका कारखान्यांत इंजिनिअर आहे, माझी समजूत घालण्याच्या स्वरांत म्हणाला, “काका, उगाच जिवाला लावून घेऊं नका. जपानांत प्लॅस्टिक खाणारे जंतु सांपडले आहेत. दहा-पंधरा वर्षांत हें सारें तेच फस्त करतील.” बरोबर गांवांतील एक वयोवृद्ध व बहुश्रुत गृहस्थ होते. त्यांनीं मान डोलावून पुस्ती जोडली, “आणि वाहत्या पाण्याला विटाळ तो कसला? गंगेच्या पाण्यांत रोगाचे जंतु मरतात, हें खुद्द साहेबानेंच सिद्ध करून ठेवलें आहे.”

तेथें मी निरुत्तर झालों. अर्धसत्य बोलावयास एक वाक्य पुरतें. त्याला उत्तर द्यावयाचें तर लेख लिहावा लागतो. तो हा लेख.

मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. जंतुशास्त्राशीं माझा संबंध वाचनापुरता. पण हे दोघे जें बोलले तें आतां आमच्या सुशिक्षित वर्गाचें घोषवाक्य होऊं पाहत आहे, आणि त्यांतील लबाडी उघडी करण्यास शास्त्रज्ञ असण्याची आवश्यकता नाहीं. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या दोघांपैकीं कोणीहि अडाणी नव्हता. दोघांनींहि आपल्या म्हणण्याला विज्ञानाचा दाखला जोडला होता, आणि दोघांचेहि दाखले मुळांत खरे होते. एक नव्या मताचा, दुसरा जुन्या. एकाची श्रद्धा प्रयोगशाळेवर, दुसऱ्याची गंगेवर. निष्कर्ष मात्र एकच : घाण आम्ही करावी, आणि ती निस्तरण्याचें काम अशा कोणाकडे द्यावें, कीं जो डोळ्यांना दिसत नाहीं व नकारहि देऊं शकत नाहीं!

आधीं वडीलधाऱ्यांचा दाखला पाहूं. आग्र्यास सरकारी रासायनिक परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हॅन्किन याने 1896 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. गंगा व यमुना यांच्या न उकळलेल्या पाण्यांत पटकीचे जंतु सोडले असतां ते तीन तासांच्या आंत नष्ट होतात, आणि तेंच पाणी उकळलें कीं त्याचा हा गुण नाहींसा होतो, असें त्याला आढळलें होतें. कारण काय तें त्याला नीट उमगलें नाहीं. पाण्यांत एखादा उडून जाणारा पदार्थ असावा असा त्याचा तर्क होता. पुढें 1917 साली फेलिक्स देरेल या संशोधकानें जंतूंनाच ग्रासणाऱ्या विषाणूंचा शोध जाहीर केला व त्यांना ‘जंतुभक्षक’ अशा अर्थाचें नांव दिलें. तेव्हांपासून हॅन्किनच्या निरीक्षणाचें मूळ त्यांत असावें असें पुष्कळ जण मानीत आले. हाच देरेल 1927 साली पंजाबांत येऊन खेड्यांतील विहिरींत पटकीविरुद्ध असे विषाणु सोडण्याचे प्रयोग करून गेला. हा सगळा इतिहास मोठा मनोरम आहे, आणि आमच्या नद्यांना त्यांत मानाचें पान आहे, याचा मलाहि अभिमान वाटतो.

पण त्यांतून आमच्या ओढ्याला कोणतें अभय मिळालें? जंतुभक्षक विषाणु हा सरसकट सर्व जंतूंचा वैरी नव्हे. कुलुपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसा एका जातीच्या जंतूला त्याचाच विषाणु लागतो. पटकीच्या जंतूवर चालणारा विषमज्वराच्या जंतूकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. शिवाय विषाणूला वाढण्यासाठीं जिवंत पेशी हवी. ज्याला मुळीं जीवच नाहीं त्या पिशवीला तो मारणार तरी कसा? आणि वाहत्या पाण्याविषयीं म्हणाल, तर वाहण्याची चैन बालाघाटच्या ओढ्यांना वर्षांतून दोन-तीन महिनेच परवडते. उरलेले नऊ महिने त्यांत डबकीं असतात. हॅन्किननें गंगेचें पाणी तपासलें होतें. आमच्या आळसाला त्यानें प्रशस्तिपत्र लिहून दिलें नव्हतें.

आतां पुतण्याचे जपानी जंतु. हा शोध खरोखरच अद्भुत आहे. साकाई नांवाच्या शहरीं बाटल्यांच्या प्लॅस्टिकचा पुनर्वापर करणारा एक कारखाना आहे. तेथील कचऱ्यानें माखलेल्या मातीगाळाचे अडीचशे नमुने गोळा करून संशोधकांनीं ते चाळले, आणि त्यांतून 1916 नव्हे, 2016 साली (या विषयांतला इतिहास इतका ताजा आहे कीं जुन्या सालांची संवय झालेला हात चुकतो) ‘इडिओनेला साकाएन्सिस’ या जीवाणूची वार्ता जगाला दिली. हा जीवाणु दोन विकरांच्या साहाय्यानें ‘पेट’ जातीच्या प्लॅस्टिकचे तुकडे करून त्यावर जगतो. पण बातमी ज्या ठिकाणीं संपते तेथून पुढें वाचावें. तीस अंश उष्णतेवर, ‘पेट’चा एक पातळ व मुद्दाम मऊ राखलेला पापुद्रा संपविण्यास त्याला सुमारें सहा आठवडे लागले. बाजारांतली बाटली त्याहून कितीतरी टणक असते. आणि ओढ्यांत जें तरंगत होतें त्यांतील बाटल्या तेवढ्या ‘पेट’च्या, पिशव्या पॉलिथीनच्या, वाट्या पॉलिस्टायरीनच्या. ‘पेट’च्या सांखळींत जे दुवे या विकरांना तोडतां येतात ते पॉलिथीनच्या सांखळींत नाहींतच. म्हणजे ज्या पाहुण्याच्या भरंवशावर आम्ही पंगत वाढून ठेवली आहे, त्याला पानांतला एकच पदार्थ चालतो, तोहि कुस्करून दिला तर!

2020 साली फ्रान्समध्यें सुधारलेल्या विकरानें ‘पेट’चा नव्वद टक्के भाग दहा तासांत विरघळवून दाखविला, हेंहि मला ठाऊक आहे. तो कारखान्यांत खराखुरा उपयोगी पडेल अशी आशा बाळगण्यास जागा आहे. पण तें घडलें तें बंद भांड्यांत, दळून तयार केलेल्या मालावर, आणि बहात्तर अंश उष्णतेवर. बीडचा वैशाख कितीहि कडक असला तरी ओढा अजून त्या मानाला पोंचलेला नाहीं. शिवाय कचरा त्या भांड्यापर्यंत जावयाचा तर आधीं कोणी तरी तो वेंचला पाहिजे, निवडला पाहिजे, धुतला पाहिजे. मुळांत जें काम टाळण्यासाठीं आम्ही जंतूंचें नांव घेतलें, तेंच काम पहिल्या पायरीवर आमची वाट पाहत उभें आहे.

या प्रकरणीं संशोधकांना दोष देणें अन्यायाचें होईल. ते बिचारे आपल्या निबंधांत उष्णता, जाडी, मुदत सारें कांटेकोर लिहितात. मथळा लिहिणारा तेवढें वगळतो, आणि वाचणारा मथळ्यावर झोंपतो. वास्तविक पाण्यांतील सूक्ष्म सृष्टीविषयीं गेल्या चाळीस वर्षांत जें कळलें आहे तें झोंप उडविणारें आहे. समुद्राच्या एका चमचाभर पाण्यांत कोट्यवधि विषाणु असतात, हें 1989 सालच्या सुमारास प्रथम नीट उमगलें. तोंवर ते तेथें नगण्य असावेत अशी समजूत होती. हे विषाणु समुद्रांतील सूक्ष्मजंतूंचा मोठा हिस्सा रोज मारतात, आणि त्या मरणांतून सुटलेल्या अन्नावर दुसरे जगतात. असा हा जमाखर्च युगानुयुगें चालला असतां त्यांत आम्ही गेल्या शंभर वर्षांत एक नवीच वस्तु टाकली. 2013 साली अमेरिकन संशोधकांनीं अटलांटिक महासागरांतून वेंचलेले प्लॅस्टिकचे कण सूक्ष्मदर्शकाखालीं धरले, तेव्हां त्या प्रत्येक कणावर जंतूंची एक वसाहत आढळली, आणि ती भोंवतालच्या पाण्यांतल्या जंतूंहून निराळी. एका तुकड्यावर तर व्हिब्रिओ कुळांतील जंतूंचेंच प्राबल्य होतें. पटकीचा जंतु याच कुळांतला. ते जंतु पटकीचेच होते असें मी म्हणत नाहीं, त्या संशोधकांनींहि म्हटलेलें नाहीं. पण ज्या कुळाला गंगा मारीत होती त्या कुळाला आम्ही न बुडणारी, न कुजणारी नौका बांधून दिली आहे, एवढें तरी आमच्या गंगाभक्तांनीं मनावर घ्यावें.

आणि हें सारें परदेशांतलें म्हणून सोडून देण्याचेंहि कारण नाहीं. गोव्याच्या किनाऱ्यावर सांपडणाऱ्या प्लॅस्टिकच्या मण्यांचा अभ्यास दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनीं 2016 साली प्रसिद्ध केला. बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें सरोवर जून 2020 मध्यें एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तें पाणी तपासून, खारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा तो रंग असल्याचें सांगितलें. पाणी आटलें, क्षार वाढला, म्हणून ते जंतु फोफावले. महाराष्ट्रानें त्या गुलाबी पाण्याचीं छायाचित्रें घरोघर फिरविलीं; पाणी आटल्याचा भाग फारसा फिरला नाहीं.

येथें तिसरा एक पक्ष उठतो. तो म्हणतो, हीं विषाणूंची शिरगणति करून पोट भरतें काय? या प्रश्नाला मजजवळ एक लुगड्याचें उत्तर आहे. पटकीचा जंतु पाण्यांत एकटा फिरत नाहीं. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलचर किड्यांच्या अंगाला तो चिकटून असतो, हें रीटा कोलवेल या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं वर्षानुवर्षें पाणी तपासून दाखविलें. मग त्यांना सुचलें कीं किडा गाळला तर त्याच्याबरोबर जंतूहि गाळला जाईल. बांगला देशांतील खेड्यांत बायकांनीं जुन्या, धुवून मऊ पडलेल्या साडीची घडी घागरीच्या तोंडावर धरून पाणी गाळावें, असा प्रयोग झाला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाप्रमाणें पटकीचें प्रमाण 48 टक्क्यांनीं घटलें. निरुपयोगी म्हणून हिणविल्या गेलेल्या विद्येचें फळ हें असें चार पदरी लुगड्याच्या रूपानें हातीं येतें. पण पाहा, तेथेंहि घडी बायकांनाच घालावी लागली!

हें वाचतांना मला माझ्या चुलत आजोबांचा पाय आठवला. नव्या पिढीला ‘नारू’ हा शब्द माहीत नसेल, हें तिचें भाग्य. पायाला फोड येई, तो फुटे, आणि त्यांतून दोऱ्यासारखा पांढरा कृमि डोकें काढी. आजोबा तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढीत. तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. पेरणीच्या दिवसांत ते असे ओसरीवर पडलेले मला आठवतात. कारण उघड होतें. बारवेच्या पायऱ्यांवरून लोक पाण्यांत उतरत. फोडांतली अळी पाण्यांत जाई. सायक्लॉप्स नांवाचा बारीक किडा ती गिळी. आणि तो किडा घागरींतून दुसऱ्याच्या पोटांत. हा किडा आणि पटकीचा जंतु वाहणारे ते बांगला देशांतील किडे एकाच गोतांतले. रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेडचेन्को यानें हा संबंध 1870 च्या सुमारासच ताडला होता. म्हणजे ज्ञान शंभर वर्षें जुनें असून आजोबांचा पाय सुजतच होता! देशांत नारूच्या निर्मूलनाची मोहीम 1983-84 मध्यें उभी राहिली. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त झाल्या, हातपंप आले, पाण्यांत औषध पडलें, आणि घरोघर गाळणीं वाटलीं गेलीं. शेवटचा रोगी राजस्थानांत 1996 साली सांपडला. 2000 साली देश नारूमुक्त ठरला. त्यांत औषध पाजून बरा करण्याचा भाग नव्हता, लस नव्हती. ज्याला फोड आला त्यानें पाण्यांत पाय घालावयाचा नाहीं, आणि जिनें पाणी भरलें तिनें तें गाळावयाचें, एवढेंच. नारूला खाणारा दुसरा कृमि कोणीतरी शोधील म्हणून आमच्या आया थांबल्या नाहींत.

त्या गाळण्यांची जाळी पुष्कळदां नायलॉनची असे, हेंहि सांगून टाकतों, नाहीं तर माझा पुतण्या सांगेल. प्लॅस्टिक म्हणजे पाप, असें सोंवळें मला पाळावयाचें नाहीं. आमच्याकडील शेततळ्यांना अस्तर प्लॅस्टिकचें, मोसंबीला ठिबक प्लॅस्टिकची, सलाईनची नळी प्लॅस्टिकची. 2012-13 आणि 2015-16 चे दुष्काळ ज्यांनीं बीडमध्यें काढले त्यांना निळ्या पिंपाची किंमत मी काय सांगावी? पण त्या पिंपाचीच दुसरी बाजू ऐका. नळाला पाणी केव्हां येईल याचा नेम नाहीं, म्हणून घरोघर पिंपें भरून ठेवतात. झांकण फुटलेलें असतें. त्या स्वच्छ, सांचल्या पाण्यांत एडीस जातीचा डांस अंडीं घालतो. तीं भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीं असतांहि महिनोन्‌महिने जगतात. आणि त्या डांसाबरोबर डेंग्यूचा विषाणु घरांत येतो. ओढ्याकांठीं फेंकलेली वाटी, उघड्यावरचा टायर, पाऊस सांचलेली पिशवी, त्याला सगळें चालतें. गेल्या वर्षीं माझ्या चुलत भावाची सात वर्षांची नात या तापानें नऊ दिवस रुग्णालयांत होती. रोज सकाळीं रक्तांतील बिंबिकांचा आंकडा येई, आणि सारें घर त्या एका आंकड्याकडे डोळे लावून बसे. पोर वांचली. परतल्यावर पाहिलें, तर अंगणांतलें पिंप तसेंच उघडें होतें. पाणी, विषाणु आणि प्लॅस्टिक यांचा संबंध शोधावयास आम्हांला अटलांटिकपर्यंत जाण्याची गरज ती कोठें उरली?

त्या घरीं रुग्णाइताला पाजावयास बाटलीबंद पाणी आणीत, ‘जंतु नकोत’ म्हणून. जंतूंच्या भयानें आम्ही बाटली जवळ केली, रिकामी झाल्यावर ती ओढ्यांत टाकली, आणि आतां तिच्यासाठीं जंतूंनाच शरण जातों! त्या बाटलीच्या आंतहि काय असतें तें 2018 साली नऊ देशांतील 259 बाटल्या तपासून पाहण्यांत आलें, त्यांत आपलाहि देश होता. शंभरांतील त्र्याण्णव बाटल्यांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण निघाले. त्यांनीं अपाय किती होतो याचा निर्णय अद्याप लागावयाचा आहे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

मग दोष कोणाचा? मोलमजुरी करणाऱ्या बाईनें दोन रुपयांची शांपूची पुडी घेतली म्हणून तिच्यावर तोंडसुख घेणारे समाजसुधारक मला मान्य नाहींत. ती पुडी तिनें बनविली नाहीं. एकावर एक चिकटविलेल्या थरांची ती वस्तु कोणा भंगारवाल्याच्या कामाची नाहीं, हें बनविणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. 2016 च्या केंद्रीय नियमांनीं असा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. 23 मार्च 2018 रोजीं महाराष्ट्र सरकारनें बंदीची अधिसूचना काढून पहिल्या अपराधास पांच हजारांचा दंड लिहिला. दंडाची पावती भाजीवालीच्या हातांत पडते. पुड्या भरणाऱ्या यंत्राच्या तोंडाशीं ती कितीदां पोंचते, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें. अशा व्यवस्थेला ‘जंतु खातील’ हें वाक्य किती सोयीचें! तें माझ्या पुतण्यानें भोळेपणानें उच्चारलें. पण त्याचा नफा भोळ्यांना मिळत नाहीं.

हें सारें मी त्याला रात्रीं जेवतांना ऐकविलें. तो रागावला नाहीं, उलट म्हणाला, “मग काका, आपल्या ओढ्याचें पाणी एकदां तपासून तरी घेऊं या.” माझी एक जुनी विद्यार्थिनी विज्ञानशाखेकडे वळून आतां पाण्यांतील सूक्ष्मजंतूंवर काम करते. तिला फोन केला. तिनें नमुना कसा घ्यावा याचे नियम कळविले : बाटली कांचेची हवी, प्लॅस्टिकची चालणार नाहीं, नाहीं तर तिचेच कण मोजणींत येतील, आणि घेणाऱ्याच्या अंगांत सुती कपडे असावेत. गांवांतल्या सात घरीं विचारलें, पण झांकणाची कांचेची बाटली मिळेना. शेवटीं काकूच्या माळ्यावर मुरंब्याची एक जुनी बरणी निघाली. ती तीनदां धुतली. पुतण्यानें आपला टेरिलीनचा सदरा उतरवून माझा खादीचा अंगांत घातला, आणि सकाळीं डोहांत गुडघाभर उतरून पाणी भरलें. बरोबर पाठवावयाचा कागद तो कांठावर बसून भरूं लागला. गांव, तालुका, तारीख, वेळ, पाण्याची उष्णता. पुढच्या रकान्यापाशीं त्याची लेखणी थांबली. ‘या ठिकाणचा यापूर्वींचा नमुना केव्हां घेतला?’

“काका, येथें काय लिहूं?”

“ ‘नाहीं’ असें लिही,” मी म्हटलें.